गेम झटके खातोय? आधी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर तपासा

एफपीएसचा आकडा ९० च्या आसपास स्थिर आहे, प्रोसेसर तापलेला नाही, ग्राफिक्स कार्डावर अजून ताण घ्यायची ताकद आहे. तरीही गेममध्ये गाडी वळवताना किंवा नेम धरताना चित्र क्षणभर अडकतं आणि पुढे उडी मारतं. हा झटका कधीही, कुठेही येत असेल तर कारणं डझनभर असू शकतात. पण तो घड्याळासारखा येत असेल, दर सेकंदाला एक किंवा दर दोन सेकंदांना एक, तर पहिला संशय घ्यायचा तो पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. गेममधल्या घडामोडी सहसा इतक्या ठरावीक अंतराने घडत नाहीत. मॉनिटरिंग टूल मात्र नेमकं तसंच काम करतं.

गंमत अशी की झटके का येतात हे शोधण्यासाठीच लोक हे टूल चालू ठेवतात. टूलमध्ये काही सापडत नाही, मग कार्ड जुनं झालं असं ठरतं आणि वीस-तीस हजारांचं, कधी त्याहून महाग, नवं कार्ड घरी येतं. टूल तेच, त्याची सेटिंग तीच, त्यामुळे झटकेही तेच. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी अर्धा तास या तपासणीला द्यावा. त्याला एक पैसाही लागत नाही.

सरासरी आकडा काय लपवतो

६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद. १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर पूर्ण १४४ एफपीएस हवे असतील तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम ६.९४ मिलिसेकंद येतात. आता ६० एफपीएसवर चाललेल्या गेममध्ये एकच चित्र ६० मिलिसेकंद रेंगाळलं असं समजू. त्या सेकंदाचा हिशेब केला तर काउंटरवर ६० ऐवजी ५७ दिसतील. ५७ बघून कुणी तक्रार करणार नाही, पण डोळ्याला ते ६० मिलिसेकंद लगेच खुपतात.

‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाचे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये हाच मुद्दा लावून धरला आणि सरासरीऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मांडायला सुरुवात केली. आज परीक्षणांमध्ये दिसणारे ‘१ टक्का लो’सारखे आकडे याच विचारातून आलेले आहेत. घरी तपासणी करायची तर एफपीएसचा आकडा बाजूला ठेवून फ्रेमटाइमचा आलेख बघावा. तो सपाट रेषेसारखा असेल तर गेम सुरळीत चाललाय. सपाट रेषेत ठरावीक अंतरावर खिळे ठोकल्यासारखे सुळके दिसले, तर चोर जवळपासच आहे.

सेन्सर वाचणं फुकट नसतं

पडद्यावर दिसणारे सगळे आकडे सारखेच वाटतात, पण ते येतात वेगवेगळ्या वाटांनी आणि प्रत्येक वाटेचा खर्च वेगळा आहे. ही गोष्ट कळली की पुढची सगळी सेटिंग आपोआप कळते.

सर्वात स्वस्त म्हणजे प्रोसेसरच्या कोअरचं तापमान आणि क्लॉक. ते प्रोसेसरच्या आतल्याच रजिस्टरमध्ये असतं. टूलला एकेका कोअरवर जाऊन ते वाचावं लागतं, पण हे काम फार पटकन उरकतं. रॅमचा वापर, सीपीयूचा टक्का हे आकडे तर विंडोज स्वतःच ठेवत असते, ते फक्त विचारून घ्यायचे.

मदरबोर्डवरच्या पंख्यांचा वेग आणि व्होल्टेज सांगणारी एक वेगळी चिप असते, बहुतेक वेळा नुव्होटॉन किंवा आयटीई कंपनीची. तिच्याशी बोलायची पद्धत जुनी आहे: आधी कुठला रकाना हवा ते सांगायचं, मग उत्तर घ्यायचं. रॅमच्या पट्टीवरचं तापमान आणि काही आरजीबी दिवे एसएमबस नावाच्या वाटेवर असतात. ही वाट मूळची १०० किलोहर्ट्‌झची. या वेगाने एक बाइट वाचायला साधारण ०.४ मिलिसेकंद जातात. असे तीस-चाळीस बाइट वाचायचे म्हटले की १२ ते १६ मिलिसेकंद गेले, म्हणजे ६० एफपीएसच्या एका अख्ख्या फ्रेमइतका वेळ.

लॅपटॉपवर, आणि काही डेस्कटॉप मदरबोर्डांवरही, एम्बेडेड कंट्रोलर नावाचा छोटा स्वतंत्र मेंदू असतो. कीबोर्ड, बॅटरी, पंखे अशी कामं सांभाळत तो सवडीने उत्तर देतो. त्याला वारंवार प्रश्न विचारणं हा झटक्यांचा हमखास रस्ता आहे. हार्ड डिस्क आणि एसएसडीचं तापमान स्मार्ट या यंत्रणेतून येतं. ते विचारलं की डिस्कला हातातलं काम सांभाळून उत्तर द्यावं लागतं, आणि गेम त्याच डिस्कवरून नकाशाचा पुढचा भाग उचलत असेल तर दोघांची गाठ पडते. ग्राफिक्स कार्डाचे आकडे कार्डाच्या ड्रायव्हरमार्फत येतात. त्यातलं तापमान पटकन मिळतं. कार्ड किती वॅट खातंय हा आकडा मात्र काही कार्ड आणि ड्रायव्हरच्या जोडीवर भलताच महाग पडतो.

इथे एक रास्त शंका येते. टूल वेगळं, गेम वेगळा, प्रोसेसरला आठ-आठ कोअर. मग एकाने वेळ घेतला तर दुसऱ्याने का थांबावं? कारण काही ठिकाणी खिडकी एकच असते. गेमलाही चित्र काढायला ग्राफिक्स ड्रायव्हरकडेच जावं लागतं. ड्रायव्हर पॉवरच्या प्रश्नाचं उत्तर शोधत असताना गेमचं काम रांगेत उभं राहतं, रेशनच्या दुकानात पुढच्या माणसाचं कार्ड सापडेपर्यंत मागची सगळी रांग ताटकळते तसं. एम्बेडेड कंट्रोलरच्या बाबतीत गोष्ट आणखी वाईट होऊ शकते. काही मशीनवर फर्मवेअर मध्ये पडतं आणि तेवढा वेळ सगळे कोअर एकदम थांबवतं. विंडोजलाही तेव्हा काही करता येत नाही. चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरवर तर साधी अडचण आहे: गेमनेच सगळे कोअर व्यापलेले असतात, टूलने डोकं वर काढलं की कुणाला तरी बाजूला सरावं लागतं.

आधी गुन्हा सिद्ध करा

सेटिंग बदलण्याआधी टूलच दोषी आहे का, हे ठरवायला हवं. गेममधली एक ठरावीक जागा निवडावी, शक्यतो जिथे तेच दृश्य पुन्हा पुन्हा मिळेल अशी. तिथे दोन-तीन मिनिटं खेळून झटके मोजावेत. मग ट्रेमधली सगळी मॉनिटरिंग टूल पूर्ण बंद करून (खिडकी मिटवणं म्हणजे बंद करणं नव्हे, उजवी क्लिक करून बाहेर पडावं) तिथेच पुन्हा खेळावं. झटके गेले तर निम्मं काम झालं.

याहून खात्रीची एक युक्ती आहे. टूल बंद न करता त्याचं पोलिंगचं अंतर, म्हणजे किती वेळाने सेन्सर वाचायचे तो आकडा, मुद्दाम बदलायचा. १००० मिलिसेकंद असेल तर ३००० करावा. दर सेकंदाला येणारा झटका आता दर तीन सेकंदांनी यायला लागला, तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. झटक्यांची लय बदललीच नाही, तर टूलला निर्दोष सोडून दुसरीकडे शोध घ्यावा.

आफ्टरबर्नर

सर्वात जास्त मशीनवर सापडतं ते एमएसआय आफ्टरबर्नर. नावात एमएसआय असलं तरी ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर हा वेगळा प्रोग्राम आहे. सेन्सर वाचायचं काम आफ्टरबर्नर करतं, ते आकडे गेमवर रंगवायचं काम रिव्हाट्यूनर करतो.

सेटिंग्जमधल्या मॉनिटरिंगच्या पानावर सर्वात वर हार्डवेअर पोलिंग पिरियड असतो. मूळ आकडा १००० असतो. बरेच लोक आलेख ‘जिवंत’ दिसावा म्हणून तो २०० किंवा १०० वर आणतात आणि इथेच घोळ होतो. तापमान ही हळू बदलणारी गोष्ट आहे. ते सेकंदात दहा वेळा वाचून हाती काही लागत नाही. नेहमीच्या खेळासाठी २००० ते ३००० पुरेसं आहे. फ्रेमटाइमच्या आलेखाचा या आकड्याशी संबंध नाही. तो प्रत्येक फ्रेमला रिव्हाट्यूनरकडून येतो, त्यामुळे पोलिंग सावकाश केलं तरी तो तितकाच बारीक राहतो.

पण पोलिंगचं अंतर वाढवलं तर झटके फक्त विरळ होतात, जात नाहीत. खरा इलाज त्याच पानावर खाली आहे. तिथे सगळ्या सेन्सरची लांबलचक यादी असते आणि प्रत्येकापुढे टिक. टिक असलेला प्रत्येक सेन्सर वाचला जातो, मग तो पडद्यावर दिसत असो वा नसो. पहिली टिक काढावी ती पॉवरची, म्हणजे पॉवरचा टक्का आणि वॅट दोन्ही. वापरकर्त्यांच्या अनुभवात झटक्यांसाठी सर्वात जास्त वेळा पकडली गेलेली हीच नोंद आहे, आणि तिच्यावाचून रोजच्या खेळात कुणाचं अडत नाही. त्यानंतर व्होल्टेज, वेगवेगळ्या लिमिटच्या नोंदी, पंख्याचे दुहेरी आकडे. शेवटी उरावं ते एवढंच: जीपीयूचं तापमान, जीपीयूचा वापर, व्हीरॅम, सीपीयूचं तापमान आणि वापर, फ्रेमरेट, फ्रेमटाइम. एका वेळी एकच टिक काढून तपासलं तर नेमका दोषी सापडतो. एकदम सगळ्या काढल्या तर झटके जातील, पण कुणामुळे होते ते कळणार नाही.

एक खबरदारी. आफ्टरबर्नरमध्ये पंख्याचा स्वतःचा आलेख लावला असेल तर तो आफ्टरबर्नर चालू असेपर्यंतच लागू असतो. टूल बंद केलं की पंखा कार्डाच्या मूळ नियमावर जातो. उन्हाळ्यात तपासणी करताना हे ध्यानात असू द्यावं.

एचडब्ल्यूइन्फो

मार्टिन मालिक यांचं एचडब्ल्यूइन्फो हे या क्षेत्रातलं सर्वात बारकाईने वाचणारं टूल आहे. तीच त्याची ताकद आणि तीच अडचण. नव्या मदरबोर्डवर ते उघडलं की शेकड्याने ओळी दिसतात, आणि मूळ सेटिंगमध्ये हे सगळं दर दोन सेकंदांनी वाचलं जातं.

इथे ओळ लपवणं आणि सेन्सर बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. ओळ लपवली तर ती फक्त दिसत नाही, वाचन चालूच राहतं. वाचन थांबवायचं तर सेन्सरच्या शीर्षकावर, म्हणजे मदरबोर्डच्या किंवा डिस्कच्या नावाच्या ठळक ओळीवर, उजवी क्लिक करून डिसेबल मॉनिटरिंग निवडावं लागतं. रॅमच्या पट्ट्यांचे सेन्सर, न लागणाऱ्या डिस्क, नेटवर्क आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी हे गट असे बंद करावेत.

कुठला सेन्सर किती वेळ खातोय हे हे टूल स्वतःच सांगू शकतं. सेन्सरच्या सेटिंगमध्ये प्रोफायलिंग टाइमचा पर्याय आहे. तो लावला की प्रत्येक गटाला वाचायला लागणारा वेळ दिसतो. एखाद्या गटापुढे बाकीच्यांच्या कितीतरी पट आकडा दिसला तर शोध तिथेच संपला. अंदाजाने टिका काढत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि एवढ्या कामाची सोय असूनही ती फार कमी लोकांना ठाऊक असते.

त्याच सेटिंगमध्ये पोलिंगचे तीन आकडे वेगवेगळे देता येतात: एक सर्वसाधारण, एक डिस्कच्या स्मार्टसाठी, एक एम्बेडेड कंट्रोलरसाठी. शेवटचे दोन ‘किती फेऱ्यांनी एकदा’ असे मोजले जातात. सर्वसाधारण अंतर २००० ठेवून डिस्कला ३० हा आकडा दिला तर डिस्क मिनिटाला एकदाच वाचली जाईल. डिस्कचं तापमान त्याहून वेगाने बदलतही नाही. एम्बेडेड कंट्रोलर वाचायचा की नाही असं टूल विचारत असेल तर गेमिंगच्या मशीनवर उत्तर ‘नाही’ हेच योग्य.

एकाच वेळी चार जण

गावोगावच्या दुकानांतून असेंबल करून घेतलेल्या पीसीवर बऱ्याचदा वेगळंच चित्र असतं. मदरबोर्ड कंपनीचं सॉफ्टवेअर, रॅमच्या दिव्यांचं सॉफ्टवेअर, कूलरचं सॉफ्टवेअर आणि त्यावर आफ्टरबर्नर, असे चौघे विंडोजबरोबरच सुरू होतात. चौघेही त्याच चिपला आणि त्याच एसएमबसला प्रश्न विचारतात. चांगली टूल आपसात कुलूप लावून पाळी पाळतात, म्हणजे एकाचं होईपर्यंत दुसरं थांबतं. काही कंपन्यांची सॉफ्टवेअर हा नियम पाळत नाहीत. मग पंख्याचा वेग मध्येच शून्य दिसणं, तापमान अचानक १२७ दाखवणं असे प्रकार होतात, आणि झटकेही येतात. एका वेळी सेन्सर वाचणारं टूल एकच ठेवावं. दिव्यांचा रंग एकदा ठरवून, शक्य असेल तिथे तो उपकरणातच साठवून, ते सॉफ्टवेअर स्टार्टअपमधून काढून टाकावं.

ओव्हरलेचंही तसंच. आकडे दाखवणारा ओव्हरले गेमच्याच फ्रेममध्ये शिरून रंगवला जातो. स्टीमचा एक, डिस्कॉर्डचा दुसरा, ग्राफिक्स कंपनीचा तिसरा आणि रिव्हाट्यूनरचा चौथा, एवढ्यांनी एकाच फ्रेमला हात लावायचं कारण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या नव्या ॲपबाबत हे ठळकपणे दिसलं. ॲपच्या ओव्हरलेमधली गेम फिल्टर्स आणि फोटो मोडची सोय चालू असताना, फिल्टर वापरला नसला तरी, काही गेमचा वेग १५ टक्क्यांपर्यंत घसरत असल्याचं चाचण्यांत आढळलं. ती सोय बंद करा, असं कंपनीनेच सांगितलं.

टूल निर्दोष निघालं तर

लय बदलून बघितली आणि फरक पडला नाही, तर झटक्यांचं स्वरूप पाहावं. नवीन जागेत गेल्यावर किंवा नवा स्फोट पहिल्यांदा दिसल्यावरच अडकत असेल आणि दुसऱ्यांदा त्याच ठिकाणी अडकत नसेल, तर गेम शेडर तयार करतोय. अनरिअल इंजिनवरच्या बऱ्याच गेमची ही जुनी खोड आहे. २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ पीसीवर आला तेव्हाही झटक्यांची ओरड मोठी होती. इथे पोलिंग बदलून काही होणार नाही.

रायझनच्या मशीनवर अधूनमधून, लय नसलेला, आवाजासकट एक-दोन सेकंदांचा लांब अडथळा येत असेल तर बायोस बघावा. एफटीपीएममुळे असं होऊ शकतं हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केलं आणि त्यानंतरच्या बायोसमध्ये दुरुस्ती दिली. जुनी रायझन मशीन सेकंडहँड घेतली असेल तर तिचा बायोस अजून त्याआधीचाच असण्याची शक्यता बरीच.

ड्रायव्हरचा संशय असेल तर लेटन्सीमॉन हे मोफत टूल कामाचं आहे. कुठल्या ड्रायव्हरने प्रोसेसर किती वेळ अडवला, हे ते नावानिशी दाखवतं. अशा कामाने १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये, ही मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सूचना आहे. तिथे हजारांतले आकडे दिसले तर वायफाय, साउंड किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी अपडेट करून बघावा. लॅपटॉपवर एसीपीआयचा ड्रायव्हर यादीत वर आला तर बॅटरी किंवा एम्बेडेड कंट्रोलर कुणीतरी सतत वाचतंय, म्हणजे गाडी फिरून पुन्हा मॉनिटरिंग टूलकडेच.

सगळं बंद करणं हा इलाज नव्हे

झटके गेले म्हणून मॉनिटरिंगच काढून टाकावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. थंड हवेच्या देशात तो चालून जाईल. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, इंदूर-हैदराबादेतही दुपारी खोली तापलेली असते. कार्डाला मिळते ती खोलीतलीच हवा, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच वर जातं. त्यात गोव्या-कोकणाकडची दमट हवा आणि पंख्यात अडकलेली धूळ. अशा ठिकाणी आकडा डोळ्यांसमोर नसेल तर कार्ड मर्यादेला टेकून स्वतःचा वेग कमी करतं, आणि त्याचेही झटकेच येतात.

मधला मार्ग असा की पोलिंग ५००० वर ठेवावं, दोनच तापमानं वाचावीत आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये अलर्ट लावावा, म्हणजे ठरलेल्या अंशांवर गेलं की आवाज येईल आणि ओव्हरलेची गरजच उरणार नाही. आकडा प्रोसेसर बघून ठरवावा. रायझन ७००० मालिकेतले अनेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, तिथे ८५ वर भोंगा वाजवण्यात अर्थ नाही. सविस्तर नोंद हवी असेल तर महिन्यातून एकदा सगळे सेन्सर चालू करून अर्धा तास लॉग फाइल करावी आणि पुन्हा मोजकं प्रोफाइल लावावं.

टूल कुठून उतरवायचं, हेही सांगायला हवं. आफ्टरबर्नरच्या नावाने बनावट साइट चालत असल्याचा इशारा एमएसआयने २०२१ मध्येच दिला होता. शोधयंत्रात वर आलेली जाहिरात उघडण्यापेक्षा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करावा. मार्च २०२५ पासून विंडोज डिफेंडर काही टूलना धोकादायक म्हणून अडवायला लागलं, तो प्रकार मात्र वेगळा. त्या टूलमध्ये विनरिंगझीरो नावाचा जुना ड्रायव्हर होता. सेन्सर वाचण्यासाठी तो अनेकांनी वापरला होता आणि त्यातली सुरक्षेची त्रुटी आधीपासून माहीत होती. अशी सूचना आली तर डिफेंडर बंद करून टूल चालवू नये. त्याची नवी आवृत्ती आली आहे का ते बघावं, नाहीतर दुसरं टूल घ्यावं.